छापील दोनशे तीस

मोजत बसले तर मोजण्याला अंत नाही. म्हणून प्रत्येक सुस्थिर समाजात मोजमाप कुठेतरी थांबवावे लागते. ते कुठे थांबवायचे हे जो ठरवतो त्याला अधिकारी म्हणतात. उरलेल्यांना ग्राहक म्हणतात.

वीज कार्यालयातला ‘रोध व शक्ती परिगणन कक्ष’ याच तत्त्वावर उभा होता. कक्षाचे काम दिसायला सोपे. ग्राहकाकडे जे यंत्र असेल त्याला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आणि त्यातून वाहणारा प्रवाह, एवढे दोन आकडे घ्यायचे. दाबाला प्रवाहाने भागले की यंत्राचा रोध निघतो, आणि दाबाला प्रवाहाने गुणले की यंत्राची शक्ती निघते. मग हे आकडे यंत्राच्या पाठीवर ठोकलेल्या पाटीशी जुळतात का ते पाहायचे. शाळेत हे एका तासात शिकवून होते. कक्षात त्यासाठी एकोणीस माणसे होती (पैकी चार रजेवर, दोन दुसऱ्या कक्षात उसनी, आणि एक जेवायला गेलेला, तो कधी गेला हे पाहिलेले कोणी आता नोकरीत नाही).

भागाकार आणि गुणाकार ज्यांच्याकडे होते ते गृहस्थ दशांशराव या नावाने ओळखले जात. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत काढल्याशिवाय ते पेन खाली ठेवत नसत. एकतीस वर्षांत त्यांचा एकही भागाकार चुकला नव्हता. घरी दूध आणायला विसरत, छत्री दर वर्षी हरवत, पण तिसऱ्या स्थळावरचा आकडा कधी हुकला नाही. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो. त्यांना त्याचा होता.

कक्षाच्या कामाचा कागद म्हणजे ‘नमुना चार’. त्यात चार रकाने: दाब, प्रवाह, रोध, शक्ती. प्रवाहाचा रकाना वायरमन भरी. वायरभोवती चिमट्यासारखे मीटर अडकवायचे, आकडा वाचायचा, झाले. रोध आणि शक्ती दशांशराव भरीत. दाबाचा रकाना कोणी भरत नसे, कारण तो छापखान्यातूनच भरून येई. तिथे ठळक टायपात २३० छापलेले असे.

हे असे पूर्वापार नव्हते. एके काळी वायरमन दाबही मोजत. पण त्या मोजण्यात शिस्त नव्हती. एका गल्लीत २२६ येई, दुसरीत २०४, आणि लांबच्या एका गल्लीत तर भर दुपारी १७१ आला होता. अशा आकड्यांनी ग्राहकांच्या मनात नसते विचार येतात. म्हणून समिती नेमली गेली. समितीच्या अकरा बैठका झाल्या आणि बाराव्या बैठकीत पुढील सिद्धांत एकमताने संमत झाला: दाब कार्यालय देते, प्रवाह ग्राहक घेतो. जे आपण स्वतः देतो ते किती आहे हे आपल्याला ठाऊकच असते. ते पुन्हा मोजणे म्हणजे स्वतःवरच संशय घेणे होय.

त्या दिवसापासून दाब छापला जाऊ लागला. व्होल्टमीटर साहेबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेला. दर तपासणीमागे नऊ मिनिटे वाचली, म्हणजे वर्षाला सुमारे दोन हजार सातशे तास. ते वाया घालवले नाहीत. पूर्वी उत्तरे एका दशांश स्थळापर्यंत काढत, ती आता तीन स्थळांपर्यंत काढता येऊ लागली. अचूकता अशी वाढली. (समितीच्या सिद्धांताला अनुभवाचाही आधार होता. कार्यालय ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला खेटून होते. तिथले दिवे असे काही लखलखत की दाबाबद्दल शंका काढणाऱ्याच्या डोळ्यांबद्दलच शंका यावी.)

आता दशांशरावांच्या थोरल्या बहिणीकडे वळू.

ताई १७१ आलेल्या त्या लांबच्या गल्लीच्या पार टोकाला राहत. यजमान गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत अंडी उबवण्याचे यंत्र बसवले होते. कपाटाएवढी लाकडी पेटी, आत जाळीचे ट्रे, बाराशे अंडी, खाली तापणारी कॉइल. साडेसदतीस अंश ऊब एकवीस दिवस मिळाली की पिल्ले बाहेर येतात. कोंबडी हे काम कुठलाही नमुना न भरता करते, पण कोंबडीच्या अंगाखाली बाराशे मावत नाहीत.

यंत्र आणि अंडी दोन्ही एका कुक्कुटपालकाची होती. मागच्या खेपेला निम्मी अंडी गार पडली होती आणि त्याने स्पष्ट सांगून टाकले होते, “ताई, ही शेवटची खेप. पिल्लं निघाली नाहीत तर मी पेटी उचलून नेईन.” पेटी गेली तर ताईंना स्वतःच्या खोलीत एकटीने राहणे परवडणार नव्हते. त्यांना भावाकडे जावे लागले असते. भावाकडे दोन खोल्या होत्या, एकीत ते आणि एकीत पुस्तके. या बाराशे अंड्यांवर काय काय अवलंबून होते ते दोघेही जाणून होते, आणि दोघेही त्याविषयी बोलत नव्हते.

या खेपेच्या तिसऱ्या दिवशी थर्मामीटर चौतिसावर अडला तो अडलाच. ताईंनी तक्रार केली. तक्रारीची दखल तत्काळ घेण्यात आली, म्हणजे वायरमन आला, त्याने चिमटा लावला आणि नमुना चारवर प्रवाह लिहिला: ३.१.

दुपारी तो कागद दशांशरावांच्या टेबलावर आला. वरचे नाव त्यांनी वाचले. हात थोडा थबकला, पण भागाकाराला नातेगोते नसते. दोनशे तीस भागिले तीन दशांश एक: रोध ७४.१९४ ओहम. दोनशे तीस गुणिले तीन दशांश एक: शक्ती ७१३ वॅट. यंत्राची पाटी म्हणत होती रोध ५२.९, शक्ती १०००. निष्कर्ष उघड होता. दाब छापील असल्यामुळे तो चुकणे शक्य नाही. प्रवाह मोजलेला. भागाकार दशांशरावांचा. तेव्हा दोष यंत्रात. संध्याकाळच्या आत ताईंच्या नावे नोटीस निघाली:

‘आपल्या यंत्रात २१.२९४ ओहम इतका अवाजवी रोध आढळून आला आहे. तो सात दिवसांत काढून टाकून कार्यालयास कळवावे. अन्यथा जोडणी तोडण्यात येईल.’

ताई नोटीस घेऊन भावाच्या घरी आल्या. चपला न काढताच बोलायला लागल्या.

“एकवीस दशांश काहीतरी ओहम माझ्या पेटीत जास्तीचे आहेत म्हणे. दाखव कुठे आहेत, झाडून काढते.”

“ताई, ते असे दिसत नाहीत.”

“मग तुम्हाला कसे दिसले?”

“भागाकारात.”

“भागाकारात दिसले ना? मग तिथूनच काढ की! माझ्या अंड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?” नोटिशीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ही सही तुझी?”

“हो.”

“छान आहे. अक्षर लहानपणापासून छानच तुझं.”

एवढे बोलून त्या गेल्या. दशांशरावांनी भागाकार पुन्हा करून पाहिला. बरोबर होता. एरवी यातून त्यांना समाधान मिळत असे.

ताईंची अडचण सुटली ती वायरमनमुळे. अवाजवी रोध काढला का हे पाहायला तो आला होता. जाता जाता दाराच्या कडीशी बोलल्यासारखा म्हणाला, “आम्ही असं सांगत नसतो, ताई. पण दुसरी कॉइल असली आणि ती पहिलीच्या शेजारी जोडली, तर करंट वाढतो. करंट वाढला की कागदावर रोध कमी होतो. बाकी मला काही माहीत नाही.”

ताईंनी भंगारवाल्याकडून तशीच एक कॉइल आणली आणि वायरमननेच ती काहीही माहीत नसताना अर्ध्या तासात जोडून दिली. थर्मामीटर साडेसदतीसवर आला. चिमट्याने ५.८ दाखवले. दशांशरावांनी भागाकार केला: ३९.६५५. म्हणजे पाटीवर होता त्याहूनही १३.२४५ ओहम कमी! ग्राहकाने मागितल्यापेक्षा जास्त रोध काढून दिल्याचे कक्षाच्या इतिहासातले हे पहिलेच उदाहरण होते. साहेबांनी नोटीस मागे घेतली आणि शेऱ्यात लिहिले, ‘नोटिशीचा अपेक्षित परिणाम झाला. असे ग्राहक सर्वांनी व्हावे.’

दहाव्या दिवशी ताईंनी भावाला बोलावून घेतले. एक अंडे दिव्यापुढे धरून म्हणाल्या, “बघ.” कवचातून तांबडा उजेड झिरपत होता. आत केसांएवढ्या बारीक शिरांचे जाळे होते आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. दशांशराव चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या नोकरीत आजवर कशाचेच धडधडणे पाहावे लागले नव्हते.

“बाराशेपैकी हजाराच्या वर धरलीत,” ताई म्हणाल्या. “आता चहा घे. मागच्या वेळी रागात विचारलाच नाही.”

सगळे इथेच थांबले असते तर ही एका कार्यक्षम कार्यालयाची यशोगाथा ठरली असती. पण ताईंची नोटीस मागे घेतली गेल्याची बातमी गल्लीत पसरली, आणि अवाजवी रोध काही एकट्या ताईंकडे नव्हता. त्या गल्लीत दोनशे चौदा नोटिसा गेल्या होत्या. बेकरीवाल्याने भट्टीत दुसरी कॉइल घातली. लाँड्रीवालीने एकीच्या जागी दोन इस्त्र्या लावल्या, एक गरम होईपर्यंत दुसरी फिरवायची. दातांच्या डॉक्टरांनी हत्यारे उकळायला दुसरे भांडे ठेवले. निवृत्त हेडमास्तरांकडे तापवायला काही नव्हते, तरी मागे राहायला नको म्हणून त्यांनी एक शेगडी आणून ठेवली.

जसजशा कॉइली वाढल्या तसतसा गल्लीचा प्रवाह वाढला, आणि प्रवाह वाढला तसा टोकाला पोहोचणारा दाब घसरू लागला. हे शेवटचे वाक्य कार्यालयाच्या कोणत्याही कागदावर नाही, कारण त्यासाठी रकाना नाही. कागदावर मात्र दोनशे तीस गुणिले वाढता प्रवाह, असा हिशेब होता, आणि तो दर आठवड्याला अधिकाधिक देखणा होत होता. साहेबांनी वर अहवाल पाठवला: ‘एकही नवा खांब न रोवता, एकही नवी तार न ओढता, निव्वळ नोटिसांच्या बळावर शक्तीत ४१ टक्के वाढ.’ वरून अभिनंदनाचे पत्र आले. ते चौकटीत बसवून ज्या दिव्याखाली लावले तो लखलखत होताच.

सोळाव्या दिवशी ताईंचा थर्मामीटर छत्तिसाच्या खाली आला.

“तिसरी कॉइल लावू का?” ताईंनी विचारले. वायरमनने भिंतीतल्या वायरीवर हात ठेवला आणि झटकन काढला. “आता नको. भिंत तापलीय.” मग ताई भावाकडे वळल्या. “अरे, तुमच्याकडे व्होल्टेज मोजायचं काही असतं ना? की तेही छापूनच ठेवता?”

त्यांना टोमणा मारायचा होता. वस्तुस्थिती सांगितली गेली हे त्यांना ठाऊक नव्हते.

दशांशराव सबंध रस्ताभर स्वतःशी वाद घालत कार्यालयात गेले. आपण कोण, आपला अधिकार काय, समितीत तर मोठमोठी माणसे होती. पण दुपारी साहेब चहाला गेले तेव्हा त्यांनी कपाट उघडले. (किल्ली कपाटालाच होती. बारा वर्षांत कोणाला ते उघडावेसे वाटले नव्हते.) व्होल्टमीटर पिशवीत घालून ते ताईंकडे आले आणि त्याच्या दोन तारा पेटीच्या प्लगला लावल्या. काटा १३८ वर थांबला. वायरमनचा चिमटा दाखवत होता ५.२.

त्यांनी कागदावर भागाकार केला. एकशे अडतीस भागिले पाच दशांश दोन: २६.५३८. पाटीवर एका कॉइलचा रोध ५२.९, शेजारी शेजारी जोडलेल्या दोघींचा त्याच्या निम्मा, २६.४५. जुळले. मग गुणाकार: ७१७.६ वॅट. एका कॉइलने द्यायचे हजार दोन कॉइली मिळूनही देत नव्हत्या. तेही थर्मामीटरशी जुळले. एकतीस वर्षांत दशांशरावांचा एकही भागाकार चुकला नव्हता आणि गेल्या बारा वर्षांत एकही बरोबर आला नव्हता. ते पेटीच्या शेजारी स्टुलावर बसले. ताईंनी पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब रागावले नाहीत. रागावणे हे ज्यांना उत्तर सुचत नाही त्यांचे काम.

“एकशे अडतीस कोणी सांगितलं?”

“व्होल्टमीटरने, साहेब.”

“आणि दोनशे तीस?”

“नमुना चारने.”

“मग व्होल्टमीटर कमी दाखवतो. किती पटीने, काढा बघू. तुमच्याइतकं नेटकं कोणाला जमत नाही.”

दशांशरावांनी सवयीने काढले. “एक दशांश सहा सहा सात.”

“आता तुमच्या रीडिंगला त्याने गुणा.”

गुणाकार आला २३०.०४६.

“बघा!” साहेबांना मनापासून आनंद झाला. “शेवटी सत्य बाहेर आलंच. ते वरचे शून्य दशांश काय ते सोडून द्या.”

दशांशराव निघाले नाहीत. ते तसे उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती, म्हणून साहेबांनाही काहीतरी करणे भाग पडले. त्यांनी नियमावली काढली. तीत अशी तरतूद निघाली की एकाच गल्लीतल्या पन्नास ग्राहकांनी व्होल्टमीटरचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदवहीत सही केली, तर छापील दाबाचा फेरविचार करता येतो आणि त्याच दिवशी गल्लीला जादा तार जोडून देता येते. हा नियम लोकशाहीच्या हौसेच्या काळात केलेला होता. “मुदत तीन दिवस,” साहेब म्हणाले. “टेबल-खुर्ची कार्यालयाची न्या.”

अठराव्या दिवशी सकाळी दशांशराव बेकरीच्या बाहेर टेबल टाकून बसले. व्होल्टमीटर बेकरीच्याच प्लगला जोडला होता, शेजारी नोंदवही, शेजारी पेन. ज्या माणसाला दुकानात सुटे पैसे मागतानाही संकोच वाटे, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागला.

“एक मिनिट. नुसतं बघायचंय आणि सही करायचीय. ताईंच्या पेटीला ऊब पुरत नाही. तीन दिवसांत पिल्लं निघायची आहेत.”

गल्ली कठोर नव्हती. प्रत्येक जण थांबला. दोनशे चौदांपैकी दीडशेच्या वर माणसे थांबली (नोंद दशांशरावांची, म्हणजे विश्वासार्ह). “अरेरे,” लाँड्रीवाली म्हणाली, “किती निघतील हो पिल्लं?”

“दाब मिळाला तर हजार.”

“देव करो आणि निघोत.”

“सही करता?”

“अहो, पण एकदा मोजायला लागले की सगळंच मोजतील. माझी दुसरी इस्त्री काढायला लावतील. आत्ता कुठे धंदा सुरळीत चाललाय.” असे म्हणून ती मान पलीकडे वळवून गेली. काट्याकडे नजर गेली तर साक्षीदार ठरायचे, ही भीती तिच्याइतकीच साऱ्या गल्लीला होती. त्या तीन दिवसांत गल्लीतली माणसे टेबलापाशी आली की आभाळाकडे, चपलेकडे, बेकरीच्या पाटीकडे पाहू लागत. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला आणि मगच चौकशी केली.

“पिल्लं कशी आहेत?” बेकरीवाला दर तासाला येऊन विचारी. प्लग त्याचा होता.

“तुम्ही तरी बघा. तुमच्याच भट्टीला पाव कच्चे राहतात ना?”

“राहतात. पण आता गिऱ्हाइकांना तसेच आवडायला लागलेत.”

निवृत्त हेडमास्तर नोंदवही चाळून म्हणाले, “उपक्रम स्तुत्य आहे. पन्नासावी सही माझी. एकोणपन्नास झाल्या की बोलवा.” अशी पन्नासावी सही देणारे एकूण सदतीस जण निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई पेटीपाशी कान लावून बसल्या होत्या. कवचाच्या आतून टोच मारल्याचा आवाज येत होता, पण सावकाश, आणि मधे बराच वेळ थांबून. पेटीवर त्यांनी घरातली सगळी पांघरुणे घातली होती. अंगावरची शालसुद्धा.

मुदत संपली तेव्हा नोंदवहीत तीन सह्या होत्या. एक ताईंची. एक दशांशरावांची (कर्मचारी म्हणून बाद). एक पेन चालते का हे पाहण्यासाठी कोणीतरी मारलेली रेघ. साहेबांनी शेरा लिहिला: ‘दाबाबाबत गल्लीची काहीही तक्रार नसल्याचे स्वेच्छेने सिद्ध झाले.’

बाराशेपैकी त्रेसष्ट पिल्ले निघाली. कुक्कुटपालक पेटी घेऊन गेला, पिल्लेही घेऊन गेला, आणि मन चांगले असल्यामुळे ताईंची पांघरुणे घडी घालून ठेवून गेला. ताई आता भावाकडे पुस्तकांच्या खोलीत राहतात. कक्षाचे काम उत्तम चालू आहे. दशांशराव सह्या करतात, मात्र उत्तर हल्ली पूर्णांकात लिहितात. कक्षाने याला वयोमान म्हटले आहे.

गल्लीतली माणसे अजूनही दोघांना रस्त्यात थांबवतात आणि हळहळून विचारतात, “शेवटी किती निघाली हो पिल्लं?” त्रेसष्ट हा आकडा ऐकला की चुकचुकतात आणि पुढे जातात. त्या शेवटच्या दुपारी टेबलावरचा काटा कितीवर होता, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. वाचकांचाही जीव पिल्लांच्याच आकड्यात अडकला होता. तो मिळाला आहे. तेव्हा आता त्यांनीही निश्चिंतपणे पुढे जावे.